‘देवा, तू कुठे होतास?’ या प्रश्नाला किती गुण?

या ब्लॉगवर मी साधारणपणे एखादा शोधनिबंध घेते आणि त्यातली आकडेमोड सोप्या मराठीत उलगडून सांगते. आज शोधनिबंधापेक्षा एका प्रश्नावलीबद्दल बोलायचं आहे. माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली आणि पीएच.डी.चं काम आरोग्यविषयक प्रश्नावल्यांवर, त्यामुळे मोजपट्टी दिसली की ती नेमकं काय मोजते हे तपासायची सवय लागली आहे. ही मोजपट्टी संकटात माणूस देवाचा आधार कसा घेतो ते मोजते. आणि माझं म्हणणं असं की यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या ख्रिस्ती घरात, मयतीनंतर, ती चुकीच्या गोष्टीला ‘नकारात्मक’ ठरवू शकते.

आधी मोजपट्टी समजून घेऊ. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘आरकोप’ नावाची लांबलचक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचीच छोटी आवृत्ती म्हणजे ‘ब्रीफ आरकोप’. धर्म आणि आरोग्य यांवरच्या संशोधनात ती जगभर वापरली जाते. तिच्यात १४ विधानं आहेत, ७ सकारात्मक आणि ७ नकारात्मक. सकारात्मक बाजूला देवाचं प्रेम शोधणं, त्याच्याशी नातं घट्ट करणं, पापांची क्षमा मागणं अशा गोष्टी येतात. नकारात्मक बाजूला देवाने आपल्याला सोडलं का असं वाटणं, ही शिक्षा आहे असं वाटणं, देवाच्या प्रेमावर किंवा सामर्थ्यावर प्रश्न उभा करणं, आपल्या मंडळीने आपल्याला टाकलं का असं वाटणं, हे सैतानाचं काम आहे असं ठरवणं. प्रत्येक विधानाला ‘मुळीच नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार पर्याय असतात. त्यांना ० ते ३ गुण दिले, की प्रत्येक बाजूची बेरीज ० ते २१ मध्ये येते.

या बेरजेला एवढं महत्त्व का? कारण २००१ साली याच गटाचा एक गाजलेला अभ्यास आला. अमेरिकेतल्या डरहॅम शहरातल्या दोन रुग्णालयांत दाखल झालेले, ५५ वर्षं आणि त्यावरच्या वयाचे ५९६ रुग्ण त्यांनी घेतले आणि दोन वर्षं पाठपुरावा केला. त्या काळात १७६ जण वारले. देवाशी झगडा सांगणाऱ्या विधानांना ज्यांनी जास्त गुण दिले होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त दिसला. मुळात कोण किती आजारी होतं, कोण किती खचलेलं होतं, हा फरक गणितात वजा करूनही तो जास्तच राहिला. वेगवेगळी विधानं पाहिली, तर ‘देवाने मला सोडलं का’ या विधानासाठी जोखमीचं गुणोत्तर १.२८ आलं आणि देवाच्या प्रेमावर प्रश्न करण्यासाठी १.२२.

१.२८ म्हणजे १०० पैकी २८ जण मरतात, असं नाही. ढोबळ हिशेब असा: एरवी १०० पैकी ३० जण दगावले असते, तर या गटात साधारण ३८ दगावतील. फरक आहे, पण त्यावरून ‘देवाला प्रश्न विचाराल तर मराल’ असं म्हणता येत नाही. अभ्यास निरीक्षणाचा आहे, प्रयोगाचा नाही. सोबत काय काय दिसतं हे तो दाखवतो, कशामुळे काय घडतं ते नाही. रुग्णांत बहुसंख्य प्रोटेस्टंट होते आणि सगळे स्वतः आजारी होते. ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे, त्याची अवस्था वेगळी असते.

आता यवतमाळ. इथली ख्रिस्ती वस्ती लहान आहे, पण नवी नाही. फ्री मेथडिस्ट मिशनचं काम इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचं. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळातच सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला गेली. म्हणजे तीस वर्षं देशभरातले होऊ घातलेले पाळक इथे राहून शिकत होते, आणि मरणाच्या घरी काय बोलायचं हेही त्यांच्या शिक्षणाचाच भाग असणार. अशा ठिकाणी ही प्रश्नावली वापरायची तर पहिली अडचण भाषेची येते.

इंग्रजी प्रश्नावलीत देवाच्या प्रेमाबद्दल ‘प्रश्न केला’ असं एकच क्रियापद आहे. मराठीत त्याच्या दोन वेगळ्या गोष्टी होतात. एक ‘देवावरचा विश्वास उडणं’ आणि दुसरी ‘देवाला बोल लावणं’. आपल्याकडे मयतीत बाया हंबरडा फोडतात, ‘देवा, असं काऊन केलं रे?’ म्हणतात. तिथे बसलेल्या कुणालाही वाटत नाही की हिचा देवावरचा विश्वास गेला. उलट, बोल कुणाला लावतो आपण? जो आहे, ऐकतो आहे आणि ज्याच्यावर आपला हक्क आहे त्याला. रिकाम्या खुर्चीशी कुणी भांडत नाही. अनुवाद करताना या दोन गोष्टी एका विधानात कोंबल्या, की मोजपट्टी विलापालाच अविश्वास समजून गुण देणार.

दुसरी अडचण खुद्द ख्रिस्ती धर्मग्रंथातून येते. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि अभ्यासक त्यातली सुमारे एक तृतीयांश विलापाची मानतात. त्यातलं ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही येत नाही. तरी ते ग्रंथात ठेवलं आहे, काढून टाकलेलं नाही. ईयोबाचं पुस्तक घ्या. मुलं गेली, संपत्ती गेली, तेव्हा मित्र आले आणि सात दिवस गप्प बसले. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मग ते बोलू लागले, त्याच्या दुःखाची कारणं देऊ लागले, देवाची बाजू मांडू लागले. शेवटच्या अध्यायात देव चिडतो तो या मित्रांवर. अध्यायच्या अध्याय तक्रार करणारा ईयोब बरोबर बोलला, असा निवाडा होतो. ईयोबाने ब्रीफ आरकोप भरली असती तर नकारात्मक बाजूला २१ च्या जवळ गेला असता, आणि मित्रांनी भरली असती तर शून्य!

लाजाराच्या मरणाची गोष्टही अशीच. मार्था आणि मरीया, दोघी बहिणी येशूला उशिराबद्दल बोल लावतात: तू वेळेवर असतास तर भाऊ वाचला असता. तो त्यांना गप्प करत नाही. थोड्या वेळाने लाजाराला उठवणार असूनही कबरेकडे जाताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आपलं माणूस गेल्यावर देव काळजी घेतो म्हणजे काय करतो, याचं ख्रिस्ती परंपरेतलं सगळ्यात ठळक चित्र बहुधा हेच. तो आधी तक्रार ऐकतो आणि सोबत रडतो.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. तुकाराम दुष्काळात बायको आणि मुलगा गमावून विठ्ठलाशी भांडले, जनाबाई विठोबाला सरळ शिव्या घालते. आणि मराठी ख्रिस्ती भक्तिगीतांना ज्यांनी वळण दिलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं मानत. त्या पुलावरून देवाशी भांडायची रीतही आली असणारच.

तिसरी अडचण माझ्या विषयातली, बेरजेची. समजा दोन विधवा आहेत. पहिलीने ‘देवाने सोडलं का’ आणि ‘देवाच्या प्रेमावर प्रश्न’ या दोन्हींना ३-३ गुण दिले, बाकी शून्य. दुसरीने ‘ही शिक्षा आहे’ आणि ‘मंडळीने मला टाकलं’ यांना ३-३ दिले, बाकी शून्य. दोघींची बेरीज ६. पहिली रडते, भांडते, पण तिच्या घरी रोज कुणीतरी भाकरी-भाजी घेऊन येतं. दुसरीच्या दारात कुणी येत नाही आणि नवरा आपल्याच पापामुळे गेला असं तिला वाटतं. संगणकाच्या लेखी दोघी सारख्याच. पाळकाच्या, शेजारणीच्या, डॉक्टरच्या लेखी त्या सारख्या असून कसं चालेल?

प्रश्नावलीच्या कर्त्यांनाही यातलं काही दिसलं, हे इथे सांगायला हवं. त्याच रुग्णांवरचा २००४ सालचा त्यांचा पुढचा अभ्यास पाहा. हयात असलेल्यांपैकी २६८ जणांची माहिती दोन्ही वेळची होती. त्यात जास्त धोक्यात दिसले ते सुरुवातीलाही झगडत होते आणि दोन वर्षांनीही झगडतच होते असे लोक. एकदा झगडा होऊन पुढे गेलेल्यांचं चित्र तितकं वाईट नव्हतं. ज्युली एक्सलाइन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली देवावर रागावण्याचे दोन प्रकार वेगळे केले: नातं तोडून निघून जाणं आणि नात्यात राहून तक्रार करणं. सहभागी लोकांनाही दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा जास्त स्वीकारार्ह वाटला. म्हणजे विज्ञान हळूहळू ईयोबाकडे येतंय, फक्त जुनी मोजपट्टी अजून वापरात आहे.

मोजपट्टीवर एवढं बोलल्यावर आपल्या सांत्वनाच्या भाषणांकडेही पाहायला हवं, कारण तीच चूक तिथेही होते. मयतीच्या उपासनेत स्तोत्र ११६ मधली भक्तांच्या मरणाबद्दलची ओळ वाचली जाते आणि पुढे अर्थ असा लावला जातो की देवाला हे मरण हवंच होतं. तिथला मूळ हिब्रू शब्द ‘याकार’ आहे, म्हणजे मोलाचं, महाग. देवाला आपल्या माणसाचं मरण स्वस्त वाटत नाही, असा तो अर्थ. शिवाय ते अख्खं स्तोत्र सुरू होतं ते देवाने आक्रोश ऐकला म्हणून. तसंच पौलाचं. थेस्सलनीकाकरांना तो शोक करू नका असं सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं सांगतो. यातला अर्धा भाग गाळला की सांत्वनाची दटावणी होते.

आणि ही दटावणी सगळ्यात जास्त कुठे लागते? यवतमाळचं नाव देशभर शेतकरी आत्महत्यांमुळे घेतलं जातं. असं मरण ज्या घरात येतं, तिथे ‘देवाची इच्छा’ म्हणता येत नाही आणि ‘पाप’ म्हटलं तर मागे राहिलेल्यांवर दुसरा घाव बसतो. मोठ्या चर्चलाही इथपर्यंत यायला वेळ लागला. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या नियमसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक दफन नाकारलं होतं. १९८३ च्या संहितेत नाकारण्याच्या यादीतून ते काढलं गेलं. नियम बदलला. पण गावातल्या बाकांवरची कुजबुज नियमाने बदलत नाही. अशा घरातल्या बाईच्या प्रश्नावलीत ‘मंडळीने टाकलं’ या विधानाला ३ गुण पडले, तर तो तिच्या श्रद्धेचा दोष कसा? ती तर मंडळीची गुणपत्रिका झाली.

शेवटी एक गोष्ट जी या प्रश्नावलीत मावतच नाही. १९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी एक कल्पना मांडली. गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय दुःख निवत नाही, हा जुना समज त्यांनी नाकारला. नातं रूप बदलून चालू राहतं आणि त्यात काही आजार नाही, असं त्यांचं म्हणणं. मराठीत याचं उदाहरण त्याआधी कितीतरी वर्षं घडलं होतं. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं होतं. शाळेत फारसं न शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं आणि उरलेला मोठा भाग स्वतः रचला. ज्या माणसाने धर्म बदलून पूर्वी त्यांना वर्षानुवर्षं एकटं पाडलं, त्याचंच काम त्यांनी हाती घेतलं. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त त्या या नवऱ्यावर रागावतात, त्याला हसतात, आणि त्याच पानांत त्याच्यावर जीवही टाकतात. यातलं सकारात्मक कुठलं आणि नकारात्मक कुठलं, हे मला तरी वेगळं करता येत नाही.

मग मोजायचंच नाही का? मोजायचं. पण आपल्याकडे मोजताना मी तीन बदल सुचवीन. ‘बोल लावणं’ आणि ‘विश्वास उडणं’ ही दोन वेगळी विधानं करा. मंडळीबद्दलचा प्रश्न देवाबद्दलच्या बेरजेत मिसळू नका, तो वेगळा मोजा. आणि एकदाच विचारून थांबू नका, पाहुणे परत गेल्यावर, सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा विचारा. शिवाय एक साधा प्रश्न जोडा: तुम्ही हे सगळं कुणाजवळ बोललात? त्याचं उत्तर ‘कुणाजवळच नाही’ असं आलं, तर बाकीच्या चौदा विधानांची बेरीज करत बसण्याआधी कुणीतरी त्या घरी जाऊन यावं.