‘जागतिकीकरण’ : संज्ञेची घडण आणि अभ्यासाची दिशा

‘जागतिकीकरणाचे परिणाम’ हा विषय सामाजिक शास्त्रांच्या व साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासात आता रूढ झाला आहे. त्याची मांडणी बहुधा १९९१ च्या आर्थिक धोरणापासून आरंभ करते आणि सामाजिक, राजकीय व सांस्कृतिक परिणामांच्या यादीपाशी विसावते. ही मांडणी अपुरी आहे आणि तिच्या अपुरेपणाचे मूळ संज्ञेच्या घडणीतच आढळते.

‘शुद्धीकरण’, ‘एकीकरण’ यांप्रमाणे ‘जागतिकीकरण’ या शब्दातही च्वि-प्रत्ययाचा अभूततद्भाव आहे. म्हणजे जे पूर्वी तसे नव्हते ते तसे करणे. त्यामुळे १९९१ पूर्वीचा प्रदेश जगापासून अलिप्त होता, असे शब्दच गृहीत धरावयास लावतो. सातपुड्याच्या पायथ्याचा संग्रामपूर तालुका डोळ्यांपुढे ठेवला तर हे गृहीत टिकत नाही. तो ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील खामगाव ही कापसाची जुनी पेठ होय. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडी कापसाची निकड भासली व भाव चढले. युद्ध संपताच ते उतरले. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्ग आला, तोही मुख्यतः कापसासाठीच. या भागाचा जगाशी संबंध नवा नाही; बदलले ते त्याचे स्वरूप. पूर्वी भाव बाहेर ठरत असे. पुढे बियाणेही बाहेरून येऊ लागले. दरवर्षी बी विकत घेण्याची जी रीत संकरित वाणांनी पाडली, ती २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी वाणांनी पक्की केली.

दुसरा दोष कर्तृलोपाचा. ‘जागतिकीकरणामुळे शेतकरी नागवला’ या वाक्यात कर्म करणारा कोणीच नाही. म्हणून ते तपासताही येत नाही. याउलट, ‘२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र शासनाने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते माफ केले आणि ती मुदत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली’ या वाक्यात कर्ता, कृती आणि काळ तिन्ही स्पष्ट आहेत. त्याचा परिणाम बाजारभावाशी ताडून पाहता येतो.

याच जिल्ह्यातील कादंबरीकार सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेली ही कृती अभ्यासात बहुधा ‘परिणामां’चा दाखला म्हणून येते. परंतु तिचा नायक एकनाथ हा उच्चशिक्षित आहे. नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे देता न आल्याने तो शेतीत अडकला आहे. म्हणजे ज्या शिक्षणव्यवस्थेत या विषयाचे अध्यापन चालते, तीच त्याच्या कोंडीतील एक कर्ता आहे. कादंबरीला निव्वळ पुरावा मानल्यास नेमके हेच नजरेआड होते.

तेव्हा संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. मात्र तिने झाकलेला भूतकाळ आणि तिने लोपविलेला कर्ता ही दोन्ही शोधणे हेच या अभ्यासाचे पहिले कार्य होय. त्या शोधात विद्यापीठाने स्वतःस वगळता कामा नये.