पंधरा-अ कुठे गेले?

फर्दापूरहून अजिंठ्याला सहल नेली, की परतल्यावर माहितीचा तक्ता करणे आलेच: लेण्याचा क्रमांक, चैत्य की विहार, खांब किती. हा तक्ता संगणकावर करू पाहणाऱ्या शिक्षकांना जिओजेब्रा परिचित असेल. मार्कस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियात सुरू केलेले हे गणिताचे सॉफ्टवेअर आम्हाला आवडते. त्यात स्वतःची आज्ञावलीही लिहिता येते, त्याच्याच भाषेत किंवा जावास्क्रिप्टमध्ये. आमची तक्रार आहे ती या दुसऱ्या भाषेतील एका सोयीबद्दल.

चौकटीत टाइप केलेले '१२' म्हणजे संगणकाच्या लेखी दोन अक्षरे, बारा नव्हे. (तूर्त अंक इंग्रजीत टाइप केले आहेत असे समजू.) जावास्क्रिप्टमध्ये '१२' आणि '५' या मजकुरांची बेरीज केली तर '१२५' मिळते, गुणाकार केला तर मात्र ६०! म्हणून मजकुराची आधी संख्या करून घ्यावी लागते. त्यासाठी जिओजेब्रात 'पार्सटूनंबर' ही आज्ञा आहे. जावास्क्रिप्टमध्ये 'पार्सइंट' आणि 'नंबर'.

'पार्सइंट' सुरुवातीचे अंक उचलते आणि उरलेला मजकूर सोडून देते. अजिंठ्यात १५ क्रमांकाचे लेणे आहे, तसेच १५-अ देखील. या आज्ञेच्या हाती दोन्हींचे १५ होतात. '१,२५,०००' चा तर नुसता १ उरतो. इशारा कसलाच नाही. 'नंबर' ही आज्ञा अशा वेळी 'ही संख्या नाही' असे सांगून मोकळी होते. चुकीच्या उत्तरापेक्षा असा नकार आम्हाला बरा वाटतो.

देवनागरी अंक दिले तर जावास्क्रिप्टच्या या दोन्ही आज्ञा नकार देतात. युनिकोडमध्ये इंग्रजी एकाचा क्रमांक ४९, तर देवनागरी एकाचा २४०७. पायथन भाषेची 'इंट' ही आज्ञा मात्र देवनागरी अंकही ओळखते. तेव्हा हे अशक्य होते असे म्हणता येणार नाही.

पण सगळा दोष भाषेवर टाकून चालणार नाही. लेण्यांचे क्रमांक कड्यावरील जागेप्रमाणे दिलेले आहेत. ९ आणि १० ही लेणी इसवी सनापूर्वीची, तर १ क्रमांकाचे पाचव्या शतकातले. या क्रमांकांची सरासरी काढून काय हाती लागणार? खांबांची मात्र बेरीज करता येते. तेव्हा आज्ञा देण्याआधी विद्यार्थ्यांना विचारावे: ही मोजदाद आहे की नाव? नाव असेल तर तो मजकूर मजकूरच राहू द्यावा. पंधरा-अ आपोआप जागेवर राहील.