जौ त्सांग
जौ त्सांग : सान ग्वो येन यी (तीन राज्यांची कथा) या चिनी युद्धकादंबरीतील काल्पनिक सेनानी. चौदाव्या शतकातील लो ग्वान-जुंग हा तिचा कर्ता मानला जातो. ‘पिवळ्या फेट्यां’च्या बंडात सामील झालेला जौ त्सांग पुढे सेनापती ग्वान यूचा एकनिष्ठ अनुचर बनतो व त्याच्या वधानंतर आत्मघात करतो. चेन शौच्या तिसऱ्या शतकातील इतिहासग्रंथात त्याचा उल्लेख नाही. तथापि इ. स. २१५ मधील वाटाघाटींत, भूमी सद्‌गुणी माणसाचीच होय, असे एका अनामिकाने सुनावल्याची नोंद त्यात आहे. कादंबरीने हा विचार जौ त्सांगच्या मुखी घालून इतिहासातील निनावी आवाजाला नाव व मरण दिले. स्वामीहून वेगळे अंतर्विश्व त्यास लाभलेले नाही, ही या व्यक्तिरेखेची मर्यादा होय. तरीही ग्वान यूच्या मंदिरांतून शस्त्रधारी सेवक म्हणून या कल्पित वीराची मूर्ती आढळते.