तीस फेब्रुवारीचा पाऊस

एका फायलीचं नाव वाचून दाखवतो : पीआर_अमॉन_आयआयटीएम-ईएसएम_एसएसपी५८५_आर१आय१पी१एफ१_जीएन. पुढे कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत ते, आणि शेवटी डॉट एनसी. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था आहे. सगळे तिला आयआयटीएम म्हणतात. तिथल्या हवामान-मॉडेलने या शतकातल्या पावसाचं जे गणित केलं, ते या फायलीत आहे. सीएमआयपी६ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात पन्नासच्या आसपास गटांनी आपापली मॉडेलं एकाच नियमावलीने चालवली. भारतात घडलेलं मॉडेल अशा उपक्रमात पहिल्यांदा उतरलं, ते हेच.

नावातला एकही तुकडा शोभेचा नाही. पीआर म्हणजे पाऊस, खरं तर पाऊस, हिम, जे काही आभाळातून पडेल ते सगळं पाणी. अमॉन म्हणजे वातावरणाचे मासिक आकडे. एसएसपी५८५ म्हणजे माणसं पुढे कशी वागतील याबद्दलचं गृहीतक. आर१आय१पी१एफ१ या चौकडीत प्रयोगाची कितवी प्रत, सुरुवात कुठून, भौतिकशास्त्राची कुठली मांडणी आणि बाहेरून दिलेली कारणं कुठली, एवढं येतं. जीएन म्हणजे आकडे मॉडेलच्या स्वतःच्या, पृथ्वीचे चौकोन पाडणाऱ्या जाळीवर आहेत, दुसऱ्या कुठल्या जाळीवर बसवून घेतलेले नाहीत. कवितेच्या शीर्षकावर दोन पानं लिहिणारे समीक्षक आपल्याकडे आहेत. इथेही तेवढं लिहिता येईल, पण आत जाऊ.

आत भेटणारा आकडा साधारण असा असतो : ०.०००११५७. एकक आहे किलोग्रॅम, दर चौरस मीटरला, दर सेकंदाला. आपण आकाशवाणीपासून मोबाइलपर्यंत पाऊस मिलिमीटरमध्ये ऐकत आलो, त्यामुळे हा आकडा पाहून पाऊस पडतोय की नाही असाच प्रश्न पडतो. हिशेब मात्र सरळ आहे. चौरस मीटरभर जागेवर एक किलो पाणी पसरलं की एक मिलिमीटरचा थर होतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की वरचा आकडा रोजच्या १० मिलिमीटर पावसाचा निघतो.

मग सरळ मिलिमीटरच का लिहिले नाहीत? कारण ताज्या हिमाची उंची आणि त्याच्या पाण्याची उंची यांचा मेळ बसत नाही, वजन मात्र दोन्हीकडे तेच राहतं. शिवाय जमिनीवरून आणि समुद्रावरून उडून जाणाऱ्या पाण्याचा एक वेगळा चल, म्हणजे वेगळी नोंदलेली राशी, आहे, ईव्हीएसपीएसबीएल असं उच्चारायला अवघड नाव असलेला. त्याचंही एकक हेच. एकातून दुसरा वजा करा, की त्या जागी पाणी शिल्लक पडलं की तुटलं ते कळतं. आणखी एक पायरी आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता लागते, आणि वाफेचं पाणी होताना ती परत सुटते. म्हणजे रोज १० मिलिमीटर पाऊस पडतो तेव्हा वरच्या हवेला दर चौरस मीटरमागे २९० वॉटच्या आसपास उष्णता मिळत असते. अरबी समुद्रावर उन्हाने खर्च केलेली ऊर्जा सह्याद्रीच्या माथ्यावर अशी वसूल होते. एकक नीट निवडलं म्हणून पाऊस, बाष्पीभवन आणि उष्णता ही तिन्ही खाती एकमेकांशी ताडून पाहता येतात. या फायलीतलं पहिलं सौंदर्य मला इथे दिसतं.

तापमानाचा चल टीएएस. आकडे केल्विनमध्ये, त्यामुळे ३०० म्हणजे आपले २७ अंश. सोबत एक छोटी नोंद असते : उंची, २ मीटर. वेधशाळेच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत तापमापक साधारण सव्वा ते दोन मीटरवर असतो, त्याच्याशी तुलना करता यावी म्हणून ही उंची. आपल्या पायाखालची डांबरी सडक किती तापली हे हा आकडा सांगत नाही, तसा त्याचा दावाही नाही. टीएएसमॅक्सचं मासिक रूप तर जपून वाचावं लागतं. मे महिन्याचा टीएएसमॅक्स म्हणजे मेमधला सर्वांत तापलेला क्षण, असं वाटतं. तो असतो रोजच्या कमाल तापमानांची महिनाभराची सरासरी. फायलीत एका ओळीत तसं लिहिलेलंच असतं : दिवसाच्या आत कमाल, दिवसांवर सरासरी. ही ओळ वर्तमानपत्रापर्यंत पोहोचत नाही. वाटेतच कुठेतरी गळते, आणि मग मथळा होतो.

वाऱ्याचे दोन चल, यूएएस आणि व्हीएएस, दहा मीटर उंचीवरचे. आपण वाऱ्याला तो जिथून आला त्या दिशेचं नाव देतो, म्हणून नैऋत्य मोसमी वारे. फाइल मात्र वारा कुठे निघाला ते पाहते. पूर्वेकडे जाणारा धन, पश्चिमेकडे जाणारा ऋण. उत्तरेकडे धन, दक्षिणेकडे ऋण. त्यामुळे जूनमध्ये कोकण किनाऱ्यावर दोन्ही आकडे धन होऊ लागले की पावसाळ्याची वर्दी मिळाली. पीआर न उघडताही.

समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा चल टीओएस. तो जमिनीवर नसतो हे उघड आहे, पण फायलीत जमिनीच्या चौकोनांनाही काहीतरी द्यावं लागतं. तिथे भरतात एकावर वीस शून्यं. 'इथे काही नाही' याची ही खूण. एखाद्या विद्यार्थ्याने ती न ओळखता सरासरी काढली, तर हिंदी महासागर सूर्याच्या गाभ्याहून गरम निघतो. शून्य लिहिलं असतं तर चूक कुणाच्या लक्षातही आली नसती, कारण शून्य अंश हे खरंखुरं तापमान आहे. आकडा इतका अशक्य ठेवला, म्हणूनच चूक ओरडून समोर येते.

आता कालगणना. बऱ्याच मॉडेलांत वर्ष ३६५ दिवसांचं असतं आणि लीप वर्ष येतच नाही. ब्रिटनच्या यूकेईएसएम१ या मॉडेलमध्ये वर्ष आहे ३६० दिवसांचं : बारा महिने, प्रत्येक तीस दिवसांचा. तिथे ३१ जुलै कधीच उजाडत नाही, आणि ३० फेब्रुवारी मात्र दर वर्षी येतो. त्या दिवशी तिथे ऊन पडतं, वारा वाहतो, कुठे कुठे पाऊसही होतो, आणि त्याचा आकडा इमानेइतबारे नोंदलेला असतो. आपल्या पंचांगातही महिन्याच्या तिथी तीसच, पण तिथे क्षय आणि वृद्धीची सोय आहे. यूकेईएसएममध्ये तिथीचा क्षय होत नाही. मला ३० फेब्रुवारीचा हा पाऊस फार आवडतो. आपण ज्याला डेटा म्हणतो ती एक रचलेली सृष्टी आहे, हे तो न बोलता सांगतो.

रचलेली म्हणजे खोटी नव्हे. १८५० ते २०१४ या काळाच्या प्रयोगाला 'हिस्टॉरिकल' म्हणतात. त्यात मॉडेलला हवेतला खरा कार्बन डायऑक्साइड, खरा सूर्य, खरे ज्वालामुखी दिलेले असतात. १८८३चा क्राकाटोआ त्यात आहे, १९९१चा पिनाटुबोही. पण रोजचं हवामान मॉडेलने स्वतः घडवायचं असतं. त्यामुळे मॉडेलमधलं १९७२ हे महाराष्ट्राच्या दुष्काळाचं १९७२ असेलच असं नाही. तिथे त्या वर्षी नद्या दुथडी भरून वाहिल्या असतील आणि दुष्काळ १९७९ला पडला असेल. इतिहासाचा तपशील जुळत नाही म्हणून मॉडेल नापास होत नाही. तीस वर्षांत किती दुष्काळ, साधारण किती तीव्र, हे जुळतं का ते पाहायचं. एकच मॉडेल सुरुवातीच्या अवस्थेत फरक करून अनेकदा चालवलं, की आर१, आर२, आर३ अशा प्रती निघतात. एका प्रतीत पुढची वीस वर्षं मराठवाड्याचा पाऊस वाढताना दिसू शकतो, दुसरीत घटताना. दोन्ही प्रती त्याच नियमांच्या लेकी. एकच प्रत हाती घेऊन २०४०च्या पावसाबद्दल बोलणाऱ्याने निदान हे सांगायला हवं.

एसएसपी५८५ मधला ५ आणि ८५ वेगळे वाचायचे. ८५ म्हणजे ८.५ : २१०० साली पृथ्वीच्या ऊर्जेच्या ताळेबंदावर दर चौरस मीटरला येणारा जादा भार, वॉटमध्ये. आणि ५ ही एक गोष्ट आहे. अशा पाच गोष्टी अभ्यासकांनी लिहिल्या. पहिल्यात जग शहाणपणाने वागतं, दुसऱ्यात चाललंय तसं चालू राहतं, तिसऱ्यात देश एकमेकांशी स्पर्धा करत आपापली दारं लावून घेतात, चौथ्यात विषमता वाढत जाते, पाचव्यात कोळसा-तेल जाळत सुसाट प्रगती होते. कुठलीही गोष्ट खरी ठरेल असं कुणी म्हटलेलं नाही, आणि तिच्यावर शक्यतेची टक्केवारीही छापलेली नाही. पाचव्या गोष्टीचं ८.५ हे टोक आता बऱ्याच अभ्यासकांना फारसं संभवनीय वाटत नाही, तरी बातम्यांत सर्वाधिक झळकतं तेच. तिसरी गोष्ट आपल्या दृष्टीने जास्त वाचनीय आहे. तिच्यात हवेतली धूळ-धूर लवकर कमी होत नाही, आणि हा धूर मोसमी पावसाला मारक ठरतो. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात १९५१ ते २०१५ दरम्यान देशाचा जून-सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याचं नोंदलं आहे, आणि त्यामागच्या कारणांत हे सूक्ष्मकण आहेत. म्हणजे पावसाची फाइल उघडताना नुसता कार्बन पाहून भागत नाही.

इथवर कौतुक झालं. आता जाळीकडे वळू, कारण या फायलीचं दुबळं अंग तिथे आहे. पुण्याच्या मॉडेलचा एक चौकोन साधारण दोनशे किलोमीटरचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एवढ्या मोठ्या चौकोनात ही दोन्ही ठिकाणं सहज मावतात, आणि त्यांना मिळून एकच आकडा मिळतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि फलटणला पाचशेच्या आसपास. दोन्हींत सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. घाटमाथा आणि पर्जन्यछाया हा महाराष्ट्राच्या पावसाचा मुख्य विषय, आणि मॉडेलला तो जवळजवळ दिसतच नाही, कारण चौकोनभर सरासरी काढली की सह्याद्रीचा उतार होतो. किनाऱ्यावरच्या चौकोनात काही टक्के जमीन असते, उरलेला समुद्र. एसएफटीएलएफ नावाच्या चलात ही टक्केवारीही प्रांजळपणे दिलेली असते.

चुका आणखीही आहेत. भारताच्या भूमीवर पाऊस कमी आणि विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर जास्त, ही खोड सीएमआयपीच्या अनेक मॉडेलांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. काही मॉडेलं भलतीच तापट आहेत : कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर अखेरीस तापमान ५ अंशांहून अधिक वाढेल असं कॅनडाचं कॅनईएसएम५ आणि वर आलेलं यूकेईएसएम१ सांगतात. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामानबदल मंडळाच्या २०२१च्या अहवालाने इतर पुरावे जमेस धरून २.५ ते ४ अंश ही संभाव्य कक्षा ठरवली. म्हणून सगळ्या मॉडेलांची सरळ सरासरी काढणं, जणू प्रत्येकाला एकेक मत आहे, हे मला पटत नाही.

पण माझी खरी तक्रार मॉडेलांविषयी नाही. त्यांचे आकडे घेऊन पुढे जे गुळगुळीत नकाशे बनतात, त्यांच्याविषयी आहे. वर्ल्डक्लिमसारख्या संचात भविष्याचे नकाशे एक किलोमीटरपर्यंतच्या बारीक जाळीवर मिळतात. वनस्पती आणि प्राण्यांचे अभ्यासक त्यातले १९ जैवहवामान चल सर्रास वापरतात, आणि त्या कामासाठी ते उपयोगीही आहेत. मात्र त्यातला बारकावा येतो आजच्या हवामानाच्या नकाशातून. पुढच्या बदलाचा आकडा मॉडेलच्या त्याच भल्यामोठ्या चौकोनातला असतो. नकाशात आपलं गाव वेगळं दिसतं म्हणून आपल्या गावाचं भविष्य वेगळं मोजलंय असं होत नाही. मूळ फायलीने उंची, एकक, सरासरीची रीत, गृहीतक, प्रत, सगळं नावासकट सांगितलेलं असतं. रंगीत नकाशा त्यातलं बहुतेक गाळतो आणि वर ठामपणा चढवतो. शेतकऱ्याच्या हाती पडतो तो नकाशाच.

ही आकडेवारी विनामूल्य मिळते, पुण्याच्या मॉडेलचीसुद्धा. नासाचं पॅनोप्ली हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. फाइल त्यात टाकली की नकाशा उमटतो, आणि प्रत्येक चलाखालच्या ओळी वाचता येतात. ज्यांना हे वाचावंसं वाटेल त्यांना एवढंच सांगेन : पीआर आधी उघडू नका. आधी ओरॉग उघडा. त्या चलात मॉडेलने जमिनीची उंची दिलेली असते. तिथे सह्याद्री किती मीटरचा धरलाय ते पाहा, आणि मगच पाऊस वाचायला घ्या.