सोहळ्यापुरती एचडी

दूरदर्शनवर एचडी आली ती खेळांच्या निमित्ताने. 2010 च्या ऑक्टोबरात दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या, तेव्हा डीडी एचडी सुरू झाली. आजही दूरदर्शनची एचडी सर्वांत देखणी दिसते ती अशाच एखाद्या मोठ्या दिवशी. 26 जानेवारीचं संचलन डीडी नॅशनल एचडीवर पाहावं. हिवाळ्यातलं तिरपं ऊन, फेट्यांचे तुरे, चित्ररथावरच्या कलाकाराच्या कपाळावरचा घाम. खासगी वाहिन्याही हे चित्रण दूरदर्शनकडूनच घेतात. तिथल्या कॅमेऱ्यांना कुठे उभं राहायचं, कधी थांबायचं हे वर्षानुवर्षांच्या सरावाने ठाऊक आहे. इथे नावं ठेवायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच वाहिनी लावली की मात्र हिरमोड होतो. स्टुडिओतल्या गप्पा: सोफा, मागे छापील फ्लेक्स, कोपऱ्यात प्लास्टिकची फुलं, चारही बाजूंनी सारखाच ढणढणीत प्रकाश. जुनं चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचं असे, एचडीचं 1920 गुणिले 1080. म्हणजे तपशील पाचपट, आणि मग प्लायवुडचा सांधा आणि गालावरचा पॅनकेक मेकअपचा थरही तितकाच उघडा पडतो. चौकट 4:3 ची 16:9 झाली, पण मांडणी चौकोनीच राहिली. पाहुणे मधोमध, दोन्ही कडांना ओसाड जागा. कॅमेरा बदलला, पण नेपथ्य आणि प्रकाशयोजना होती तिथेच राहिली, हे मला दूरदर्शनच्या एचडीचं खरं दुखणं वाटतं.

दूरदर्शनचं मुंबईतलं वरळीचं केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. तेव्हा मुलुंड-घाटकोपरच्या गच्च्यांवर अँटेना फिरवून पडद्यावरच्या मुंग्या घालवाव्या लागत, आणि चित्र कृष्णधवल. विनायक चासकरांसारख्या निर्मात्यांनी त्या धूसर चित्राच्या मर्यादा ओळखून ‘गजरा’ हा कार्यक्रम बसवला. चि. वि. जोशींच्या कथांवरच्या ‘चिमणराव’ मालिकेत भिंती उघडउघड रंगवलेल्या फळ्यांच्या, तरी कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही, कारण सगळा खेळ दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या चेहऱ्यांवर होता, आणि कॅमेरा तिथून हलत नव्हता. सगळंच सोनं होतं असं नाही. चर्चेचे कार्यक्रम तेव्हाही डुलकी आणत. पण हातातल्या यंत्राला काय जमतं आणि काय जमत नाही याचा विचार त्या निर्मितीत दिसतो.

2020 च्या टाळेबंदीत 28 मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात झाली आणि 1987 सालच्या त्या मालिकेने आजच्या चकचकीत मालिकांना मागे टाकलं. एका दिवसात 7.7 कोटी प्रेक्षक, असं दूरदर्शननेच जाहीर केलं. त्यावरून चित्राच्या दर्जाला महत्त्व नाही, असा निष्कर्ष कुणी काढेल. मी काढणार नाही. जुन्या ठेव्याचं एचडीत काय होऊ शकतं, हे तो कशावर चित्रित झाला होता यावर ठरतं. व्हिडिओ टेपवर जेवढा तपशील उतरला तेवढाच. संगणकाने तो ताणला तर चेहरे मेणाचे दिसतात. फिल्मवर मात्र तपशील शिल्लक असतो. गोविंद निहलानींचा दूरदर्शनवरचा 1988 चा ‘तमस’ फिल्मवर होता, म्हणून त्याचं पुनरुज्जीवन करता आलं, आणि 2013 मध्ये तो पुन्हा दिसला तो हिस्टरी टीव्ही 18 या खासगी वाहिनीवर.

गंमत अशी की ज्या कसबाची दूरदर्शनला गरज आहे ते वरळीहून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ गोरेगावच्या चित्रनगरीत उभं राहिलं. दूरदर्शनच्या प्रायोजित मालिकांच्या त्या काळात अंधेरीच्या गल्ल्यांत एडिटिंग, डबिंग, भाड्याचे कॅमेरे-लाइट यांचा धंदा फोफावला. 2016 मध्ये मराठी खासगी वाहिन्या एचडीत आल्या त्या याच कसबाच्या जोरावर. त्यांनीही ते वापरलं कशासाठी? सुनेच्या नथीचा क्लोजअप तीन कोनांतून, तीन वेळा.

खासगी वाहिनी जे करणार नाही तेच सरकारी वाहिनीने करायचं, तर उपनगरातच किती ऐवज पडून आहे. बोरिवलीचं प्रबोधनकार, पार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास: शनिवार-रविवारी इथे व्यावसायिक नाटकांचे प्रयोग लागतात. पूर्वीच्या ट्यूबच्या कॅमेऱ्यांना भरपूर प्रकाश लागे, म्हणून नाटक वरळीच्या स्टुडिओत नेऊन, दिव्यांखाली भाजून काढावं लागे. आताचा सेन्सर रंगमंचावरचा अंधार अंधारासारखाच टिपतो. प्रकाशयोजनाकाराचं काम आहे तसं पडद्यावर येऊ शकतं. लंडनच्या नॅशनल थिएटरने 2009 पासून आपली नाटकं चित्रपटगृहांत पोहोचवली ती याच तंत्रावर. बोरिवलीच्याच राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. पावसाळ्यात कातळात खोदलेल्या पन्हळींतून टाक्यांकडे जाणारं पाणी एचडीत जसं दिसेल तसं दुसऱ्या कशात दिसणार?

दाखवलं तरी पोहोचेल का, हा वेगळा त्रास. उपनगरातल्या सोसायट्या बहुतांश केबल आणि खासगी डीटीएचवर. 2012 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2017 च्या आदेशात एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी धरली गेली. क्रिकेटचं त्याहून विचित्र. 2007 च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण दूरदर्शनला मिळतं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानुसार ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपकांवर आणि फ्री डिश या मोफत डीटीएचवरच दाखवता येतं. घाटकोपरच्या केबलवाल्या घरात त्या वेळी त्याच वाहिनीवर दुसरंच काही चालू असतं.

2023 च्या जानेवारीत केंद्राने ‘बिंड’ योजनेखाली आकाशवाणी आणि दूरदर्शनसाठी 2539.61 कोटी रुपये मंजूर केले. त्यातून स्टुडिओ अद्ययावत करायचे, एचडी वाहिन्या वाढवायच्या, दुर्गम भागांत आठ लाख सेट टॉप बॉक्स फुकट द्यायचे असं ठरलं. 2024 च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी महोत्सवात, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं ‘वेव्ह्ज’ हे ओटीटीही सुरू झालं, म्हणजे केबलची अडचणही बऱ्यापैकी टळली. आता एखाद्या रविवारी मुलुंडच्या कालिदासमध्ये चार कॅमेरे लावायचे, तर त्यासाठी नव्या मंजुरीची वाट पाहण्याचं कारण काय, ते मला तरी कळत नाही.