मोठ्या माणसांची गणिताची भीती

१७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणारी चाळिशीतली एखादी बाई घ्या. दुधाचे खाडे वजा करून महिन्याचे बिल ती तोंडी काढते. भिशीचा हप्ता, किराणा आणि मुलाची फी यांचा मेळ तिला कागदाशिवाय घालता येतो. तीच बाई फळ्यावर 'शेकडेवारी' हा शब्द दिसताच पेन खाली ठेवते आणि म्हणते, "सर, मला गणित येतच नाही हो."

रात्रशाळेत किंवा मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर शिकविणाऱ्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकलेले असते. आपण सहानुभूतीने मान डोलावतो आणि ते खरे धरतो. ते खरे धरू नका, असे आग्रहाने सांगणारे एक पुस्तक १९७८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. शीला टोबायस यांचे 'ओव्हरकमिंग मॅथ अँग्झायटी' हे ते पुस्तक. १९९०च्या दशकात त्याची सुधारित आवृत्ती निघाली. लेखिका २०२१ मध्ये निवर्तल्या. पुस्तक जुने असले तरी प्रौढांना गणित शिकविणाऱ्याने ते वाचावे, असे आम्हांस वाटते. ते जसेच्या तसे स्वीकारू नये, असेही वाटते. या दोन्ही मतांची कारणे येथे देत आहोत.

टोबायस गणितज्ञ नव्हत्या. त्यांचे शिक्षण इतिहास आणि साहित्याचे. या विषयाकडे त्या वळल्या त्या स्त्रियांच्या नोकऱ्यांच्या प्रश्नावरून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९७२ साली प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची ल्यूसी सेल्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी पाहणी केली होती. शाळेत चार वर्षे गणित घेतलेल्यांचे प्रमाण मुलांमध्ये ५७ टक्के, तर मुलींमध्ये अवघे ८ टक्के निघाले. म्हणजे उरलेल्या मुलींना विज्ञान, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा अनेक शाखांचे दरवाजे पहिल्याच दिवशी बंद होते. सेल्सबाईंनी गणिताला चाळणी म्हटले ते यामुळे. १९७५ साली टोबायस यांनी कनेक्टिकट राज्यातील वेस्लियन विद्यापीठात एक 'गणित चिकित्सालय' सुरू केले. तेथे गणितशिक्षक आणि समुपदेशक एकत्र बसत. पुस्तक उभे आहे ते या अनुभवावर.

त्यातील मध्यवर्ती विचार असा: गणितात मागे पडलेल्या पुष्कळ हुशार माणसांची बुद्धी कमी पडलेली नसते, त्यांचा धीर सुटलेला असतो. घड्याळ लावून सोडविलेली उदाहरणे, सगळ्या वर्गासमोर फळ्याशी झालेली फजिती, उत्तर एक तर बरोबर नाही तर चूक हा खाक्या, आणि 'गणित जन्मजात यावे लागते' ही समजूत यांतून ती भीती घडते. मोठेपणी पदवीसाठी किंवा बढतीसाठी पुन्हा गणिताशी गाठ पडली, की जुनी फजिती नव्याने जागी होते.

पुस्तकातील सर्वांत सरस भाग शाब्दिक उदाहरणांचा. तेथील एक उदाहरण आमच्या शब्दांत असे. एका मोटारीने २०,००० मैलांचा प्रवास केला. झीज सारखी व्हावी म्हणून जादा चाकासह पाचही टायर आलटून पालटून वापरले. तर प्रत्येक टायर किती मैल चालला? घाबरलेला माणूस दिसलेल्या दोन संख्यांवर झडप घालतो, २०,००० ला ५ ने भागतो आणि ४,००० सांगतो. वास्तविक रस्त्यावर एका वेळी चार टायर असतात. सर्व टायरांची मिळून चाल ४ × २०,००० म्हणजे ८०,००० मैल. ती पाच जणांत वाटली की प्रत्येकी १६,००० मैल. येथे आकडेमोड चौथीची आहे. अडते ते चित्र डोळ्यांपुढे उभे करण्यात, आणि भीती नेमकी तेवढीच उसंत मिळू देत नाही.

चिकित्सालयातील एक युक्तीही कोणत्याही वर्गात वापरण्याजोगी आहे. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारावयाची. एका बाजूला गणित सोडवावयाचे, दुसऱ्या बाजूला त्या क्षणी मनात आले ते लिहावयाचे: 'हा शब्द कळला नाही', 'आता सगळे हसतील', 'हे सूत्र मी विसरले आहे'. नेमके कुठे पाऊल अडले, हे अशा कागदावर विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला एकदमच दिसते.

टोबायस यांचे निष्कर्ष मुलाखती आणि निरीक्षणे यांवर बेतलेले होते. पुढील संशोधनाने त्यांतील काहींना चांगला आधार दिला आहे. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही अक्षरे ध्यानात ठेवावयास सांगितली आणि त्याच वेळी बेरजा करावयास दिल्या. ध्यानात ठेवण्याची अक्षरे वाढली आणि बेरजेत हातचा आला, तेव्हा गणिताला भिणाऱ्यांच्या चुका इतरांपेक्षा फारच वाढल्या. २७ आणि १८ यांची बेरीज करताना हातचा क्षणभर कुठे तरी धरून ठेवावा लागतो. मनातील ही जागा मुळात तोकडी असते. तीत काळजीने मुक्काम ठोकला तर हातच्याला जागा राहत नाही. 'येत होते, पण पेपरात सुचलेच नाही' ही तक्रार बहाणा नसते, ती अशी.

आता मतभेदाचे मुद्दे. पहिला, 'चिकित्सालय' या शब्दाचा. चिकित्सा रोग्याची करतात. शाळा आणि समाज यांनाही टोबायस दोष देतात हे खरे. परंतु उपचार मात्र भ्यालेल्या व्यक्तीवरच होतो. ही भीती थोड्याथोडक्यांची असती तर ते चालले असते. ब्रिटनमध्ये कॉक्रॉफ्ट समितीने १९८२ साली आपला अहवाल दिला. त्या समितीसाठी प्रौढांच्या व्यवहारातील गणिताची पाहणी झाली, तेव्हा विचारणा केलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी, विषय गणिताचा आहे म्हणून, भाग घेण्यासच नकार दिला. निम्मे गाव ज्या विहिरीचे पाणी पिऊन आजारी पडते, तेथे औषधाआधी विहीर तपासावयास हवी.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर. भीतीमुळे गणित बिघडते, हे अर्धेच सत्य आहे. गणित कच्चे राहिल्यामुळेही भीती वाढते. दोन्ही बाजूंनी चालणारे हे चक्र आहे, असे आजवरच्या अभ्यासांवरून दिसते. अपूर्णांकांचा पाया ज्याचा पंचवीस वर्षांपूर्वीच सुटला, त्याच्याशी भीतीविषयी कितीही आपुलकीने बोलले तरी दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश यांची बेरीज त्याला येणार नाही. त्याला ती पुन्हा शिकवावी लागेल. धीर देणे ही शिकविण्याची पूर्वतयारी आहे. ती शिकविण्याची जागा घेऊ शकत नाही. पुस्तकात अपूर्णांकांपासून कलनापर्यंत गणित आहे, परंतु ते महाविद्यालयात पोहोचलेल्या वाचकाला पुरेल एवढेच.

तिसरा मुद्दा याच वाचकाचा. वेस्लियनच्या विद्यार्थिनीजवळ वेळ होता. आपली रात्रशाळेची विद्यार्थिनी दिवसभर काम करून, स्वयंपाक उरकून येते. तिच्याजवळ मात्र त्या विद्यार्थिनीपाशी नसलेले भांडवल आहे, आणि ते पुस्तकात फारसे दिसत नाही. टायरचे उदाहरण आम्ही एका रात्रशाळेत वेगळ्या वेशात विचारले. चार शिवणयंत्रे, पाच जणी, यंत्रे २० तास चालू. सगळ्यांना सारखे काम मिळाले तर प्रत्येकीच्या वाट्याला किती तास? मागच्या बाकावरून लगेच उत्तर आले, "सोळा. एक जण नेहमी बसूनच राहणार ना!" हेच आम्ही फळ्यावर 'उदाहरण १' म्हणून लिहिले असते तर त्या बाई बोलल्या असत्या का, याची आम्हांस शंका आहे.

हे सारे शिक्षकांना सांगण्याचे आणखी एक कारण आहे. शियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेतील पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती अधिक होती, त्यांच्या वर्गातील मुलींमध्ये 'गणित मुलांचे, वाचन मुलींचे' ही समजूत वर्षअखेरीस अधिक आढळली. आणि अशी समजूत झालेल्या मुली गणितात मागे पडलेल्या दिसल्या. अभ्यास लहान आहे, त्यावरून सरसकट विधान करू नये. परंतु प्रौढाची भीती ही त्याची खाजगी बाब राहत नाही, एवढा इशारा त्यात नक्कीच आहे.

आम्हां विज्ञानाच्या मंडळींना एक वाईट खोड आहे. शंका विचारली की आम्ही म्हणतो, "अहो, हे तर अगदी सोपे आहे." आमचा हेतू धीर देण्याचा असतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून एवढेच कळते, की सोपे असूनही आपल्याला येत नाही. टोबायस यांचे पुस्तक वाचून ही एक सवय जरी सुटली, तरी वाचनाचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू. पुढच्या खेपेस कोणी पेन खाली ठेवले, तर 'सोपे आहे' म्हणण्याआधी 'कुठपर्यंत आलात?' असे विचारून पाहावे. बहुतेक वेळा माणूस आपल्याला वाटते त्याहून बराच पुढे आलेला असतो.