निळूभाऊंचा आवाज आणि आपली बोली
माळेगावच्या जत्रेत, टुरिंग टॉकीजच्या तंबूत मी निळू फुले पहिल्यांदा पाहिले. पडद्यावरचा तो टोपीवाला ओरडत नव्हता. मान जराशी तिरकी करून, शब्द घशात घोळवत हळूच काहीतरी बोलला, आणि माझ्या शेजारची म्हातारी 'मुडदा बशिवला तुझा' म्हणून कडाडली. तंबू हसला, म्हातारी हसली नाही. 'चरित्र अभिनेता' हा शब्द मला पुढे पुस्तकात भेटला, त्याची ताकद मात्र त्या रात्रीच कळली.

सेवा दलाच्या कलापथकात घडलेला आणि पुण्यात माळीकाम केलेला हा माणूस 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यातून 'एक गाव बारा भानगडी'त (१९६८) आला. पुढे १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेल्या 'सामना'त त्यांनी हिंदुराव धोंडे पाटील उभा केला. डॉ. लागूंचा दारुडा मास्तर 'मारुती कांबळेचं काय झालं' हे विचारत राहतो, आणि हिंदुरावाचा रुबाब आतून पोखरत जातो. तो ढासळताना निळूभाऊ आवाज चढवत नाहीत, एवढंच नीट पाहा. 'सिंहासन'मध्ये तर (१९७९) वाडाही नाही, मिशीवर ताव नाही. पत्रकार दिगू टिपणीस सगळं नुसतं बघतो आणि शेवटी ते बघणंच त्याला सोसत नाही. हिंदुराव आणि दिगू एकाच माणसाने केले, हे नव्या प्रेक्षकाला सांगावं लागतं. कारण त्यांच्या मागून आलेल्यांनी घोगरा आवाज उचलला, त्यातली शांतता उचलली नाही. गॅदरिंगमधली नक्कल तेवढी उरली.

हॉलिवूडने वॉल्टर ब्रेननसारख्या चरित्र अभिनेत्याला १९३६, १९३८ आणि १९४० च्या चित्रपटांसाठी तीनदा ऑस्कर दिलं. आपल्याकडे बक्षिसं मिळत नाहीत असं नाही; अशा नटाला पुरतील अशा भूमिका लिहिल्या जात नाहीत.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर दुखणं आणखी खोल आहे. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधून एकट्याने बावन्न पात्रं उभी केली आणि आपली बोली मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत मानाने नेऊन बसवली. मकरंद अनासपुरे यांनी तीच पडद्यावर लोकप्रिय केली. दोघांचे उपकार मोठे आहेत. पण निर्मात्यांनी त्यातून सोयीचा धडा घेतला: ही बोली हसवण्यासाठी असते. देगलूरच्या बोलीला तेलुगूचा स्पर्श आहे, उदगीरच्या बोलीला कन्नडचा, आणि निजामाच्या राजवटीने दिलेली उर्दू सगळीकडे मुरलेली आहे. पडद्यावर या सगळ्याचा एकच हेल होतो, तोही नोकराच्या किंवा नायकाच्या वेंधळ्या मित्राच्या तोंडी. कर्जापायी झोप उडालेला बाप, पंचायतीत गप्प बसलेली सून 'कामून' म्हणताना मला क्वचितच ऐकू येते.

'फँड्री'तला (२०१३) किशोर कदम यांचा कचरू आठवतो. बोली आपली नाही, पण पद्धत पाहण्यासारखी आहे. डुकरामागे धावताना राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर समोरून निघून जातं. कचरू एक शब्द बोलत नाही आणि उभ्या जन्माची लाचारी त्या अंगात दिसते. हे काम नायकाच्या चेहऱ्याने होत नाही.

असे चेहरे आपल्याकडे आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत नांदेडला आणि लातूरला मी ते वर्षानुवर्षं पाहतो आहे: शिक्षक, एसटीतले वाहक, दिवसभर दुकान सांभाळून रात्री तालमीला येणारे. एकदा विंगेत असाच एक नट उभा होता. म्हाताऱ्या शेतकऱ्याची भूमिका, कपाळावर घाम. 'सर, जरा पाणी द्या, घसा कोरडा पडायलाय,' म्हणाला. त्या आवाजात भीती होती, अदब होती, गाव होतं. दोन घोट घेऊन तो प्रकाशात गेला आणि त्याच म्हाताऱ्याच्या तोंडून स्वच्छ, इस्त्री केलेल्या पुणेरी मराठीत बोलू लागला.